साठ की सात?

मी कॉलरला लावायचा माईक आहे. जुना म्हणाल तर जुना आहे. माझी चिमटी एका बाजूने मोडली आहे आणि तिला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. डोक्यावर स्पंजची काळी टोपी होती, ती कधीच हरवली. तरी मित्रांनो, मला ऐकू चांगले येते, आणि ऐकलेले पुढे पोचवण्याचे काम मी अजून सोडलेले नाही. माझ्यासारख्या वस्तू आपली हकीकत सांगायला बसल्या की बहुधा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून ते होणार नाही. मला जिथे राग आला, तिथे राग आला असेच मी सांगणार.

एका कारखान्यातल्या लांब टेबलावर मी तयार झालो. भिंग लावून बसलेल्या एका बाईने माझ्या पोटात केसासारखी तार बसवली, कथिलाचा इवलासा डाख दिला, माझ्यासमोर एकदा खोकून पाहिले आणि म्हणाली, "हा बरा आहे. पुढचा द्या." माझे एवढेच कौतुक झाले. मग खोक्यात पडून मी विद्यापीठाच्या नर्सिंग विभागात आलो.

तिथला मोठा वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता. बाकांच्या बारा ओळी, एकशे ऐंशी मुलेमुली, आणि छताला सहा पंखे. त्यांतले दोन कुरकुरणारे. मागच्या भिंतीपलीकडे जनरेटर होता. तो सुरू झाला की शेवटच्या ओळीतल्यांच्या वह्यासुद्धा थरथरत.

माझे काम सोपे आहे. माझ्या तारेच्या टोकाला पत्त्यांच्या जोडाएवढी डबी आहे. तिच्यात दोन पेन्सिल सेल बसतात आणि वर एक बटण आहे. बटण वर केले की हिरवा दिवा लागतो आणि मी जागा होतो. मग शिकवणाऱ्याचा आवाज माझ्यातून तीन वाटांनी जातो. एक वाट कर्ण्यांकडे, म्हणजे तो वर्गभर सारखा ऐकू यावा. दुसरी वाट रेकॉर्डिंगकडे, म्हणजे तो तास घरी बसून, थांबवून थांबवून, पुन्हा ऐकता यावा. तिसरी वाट एका यंत्राकडे जाते. ते यंत्र ऐकलेल्या बोलण्याची अक्षरे करते आणि फळ्याशेजारच्या पडद्यावर दोन-तीन सेकंदांत उमटवते. बंद असलो तरी मला ऐकू येत असते. फक्त ते पुढे जात नाही.

ही सगळी यंत्रे सांभाळायला एक काका होते. त्यांच्या खिशात कायम चार-सहा पेन्सिल सेल खुळखुळत असत, म्हणून पोरे त्यांना सेलकाका म्हणत. समोरासमोर म्हणत आणि त्यांना ते चालेही.

माझ्या उद्घाटनाला पाहुणे आले होते. त्यांनी माझ्यावर तीनदा फुंकर मारली, दोनदा टिचकी मारली आणि "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाले. मग भाषण झाले. 'यापुढे या वर्गातला एकही विद्यार्थी मागे राहणार नाही' हे वाक्य मीच बारा ओळींना पोचवले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला. नवा होतो ना.

शरीरशास्त्र शिकवणारे एक तरुण सर मला रोज लावत. वर्गात आले की आधी मी, मग हजेरी. त्यांच्या तासाला पडदा भराभरा भरत जाई. औषधांचा विषय शिकवायला मात्र मेट्रन मॅडम होत्या. त्या तीस वर्षे मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या आणि मग शिकवायला आल्या. उंच, ताठ, पांढरा कोट, आणि छातीवर परिचारिकांचे उलटे टांगलेले घड्याळ. सेलकाका मला घेऊन त्यांच्याकडे गेले तो दिवस मला चांगला आठवतो.

"मॅडम, हा कॉलरला लावायचा."

"कशाला? माझा आवाज तीन वॉर्ड ओलांडून जायचा. बेशुद्ध पेशंट उठून बसायचे."

"तेच म्हणतो मी, मॅडम. तिथं पेशंट उठायचे, इथं पोरं झोपतात."

"माझ्या तासाला? बिशाद आहे का कुणाची!"

आणि वळून त्यांनी गरजून विचारले, "मागे ऐकू येतंय ना?"

"होऽऽ!" वर्ग ओरडला.

"बघा," मॅडम सेलकाकांना म्हणाल्या, आणि मी पुन्हा टेबलावर.

मित्रांनो, या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. टेबलावर पडल्या पडल्या दुसरे काम नव्हते. ज्यांना प्रश्न ऐकू येतो, तेच 'हो' म्हणतात. ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही, त्याने नाही कधी म्हणायचे? मॅडम रोज विचारत, रोज 'हो' येई, आणि रोज त्यांची खात्री वाढत जाई. मला आधी हसू यायचे. पुढे पुढे संताप यायला लागला.

पहिल्या ओळीत मधोमध एक मुलगी बसे. सहाव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि तिचे ऐकणे गेले, असे ती सांगे. डाव्या कानात काहीच नाही, उजव्या कानात यंत्र. बाकीचे ती ओठांवरून वाचायची. म्हणून तिने पहिला बाक कधी सोडला नाही, आणि म्हणून तिचे नावच 'पहिला बाक' पडले. "ए पहिला बाक, वही दे की!" मागून कुणी ओरडले तर तिला कळत नसे. शेजारची कोपराने ढोसायची, मग ती वळून म्हणायची, "ओरडू नका रे, माझ्यावर काही परिणाम होत नाही." ती तिच्या आत्याकडे वाढली होती. आत्या रुग्णालयात आया होती, आणि नर्सच व्हायचे हे मुलीने तिच्या पाठीमागे वॉर्डात फिरता फिरता ठरवले होते.

ओठांवरून वाचणे म्हणजे जादू नाही. निम्मी अक्षरे ओठांवर दिसतच नाहीत, ती जिभेमागे घडतात. 'त' कुठला आणि 'ठ' कुठला, हे बाहेरून कोण सांगेल? त्यात बोलणारा फळ्याकडे वळला की ओठही गेले. तरुण सरांच्या तासाला ते वळले की तिचे डोळे पडद्यावर जात, सर फिरले की पुन्हा सरांवर. असे तिचे डोळे तासभर ये-जा करायचे. तीन महिन्यांत ती हात वर करून प्रश्न विचारायला लागली. तोवर तिने कधी प्रश्न विचारला नव्हता, कारण तो आधी कुणी विचारला आहे की काय, हेच तिला कळत नसे.

आणि गंमत अशी, की पडदा आणि रेकॉर्डिंग आली तिच्यासाठी, पण वापरू लागले सगळे. पहाटे घरोघर दूध टाकून तासाला येणारा एक जण बसल्या जागी पेंगायचा आणि दुपारी तोच तास पुन्हा ऐकायचा. एक जण बाळंतपणाहून परतली होती, ती बाळाला थोपटत कानाला लावून बसायची. एकाची घरची भाषा निराळी होती. त्याला शब्द कळायचा नाही, पण पडद्यावर दिसला की वहीत उतरवून घ्यायचा आणि नंतर कुणाला तरी विचारायचा. माझे काम वाढले, मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू, मी थोडा फुगलोही.

मग प्राचार्यांनी लेखी सूचना काढली की सर्वांनी माईक लावावा. मेट्रन मॅडमनी मला एकदाच लावले. लावले तेही थेट घड्याळाला खेटून. मी आधी टिकटिक ऐकायची की मॅडमना? वर घड्याळाची साखळी माझ्यावर घासत होती. मॅडम म्हणाल्या, "रुग्णाची नाडी फार जलद चालत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा." पडद्यावर उमटले, 'रुग्णाची गाडी फार जलद चालत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा.'

वर्गात आधी खुसखुस झाली. मग मागून कुणीतरी म्हणाले, "मॅडम, पेशंट हॉर्न देतो का?" आणि एकशे ऐंशी जण खो खो हसत सुटले. मॅडम वळल्या, पडदा वाचला, आणि त्यांनी मला कॉलरवरून असे ओढले की माझी चिमटी तिथेच मोडली.

"हे यंत्र माझी चेष्टा करतंय. आणि तुम्ही हसताय. वॉर्डात असं हसाल?"

कुणी हसेना. पहिला बाकसुद्धा नाही. मला टेबलाच्या खणात टाकून मॅडमनी खण बंद केला. चूक थोडी माझीही होती, हे मी मान्य करतो. पण एका शब्दासाठी मला खणात टाकले, ते मी आजही मान्य करत नाही.

पुढच्या सत्रात तरुण सर पुढच्या शिक्षणाला निघून गेले. मेट्रन मॅडम सर्वांत ज्येष्ठ. त्या लावत नाहीत म्हटल्यावर इतरही लावेनासे झाले. पडदा काळा पडला. रेकॉर्डिंगची वाट बंद झाली. पहिला बाक पुन्हा प्रश्न विचारेनाशी झाली.

सेलकाका मात्र दर सोमवारी खण उघडत, माझ्या डबीतले सेल काढून पाहत, पुसत, लागले तर नवे घालत. एकदा पहिला बाक त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"काका, याला कुणी लावत नाही. मग कशाला करता एवढं?"

काका आधी तिच्याकडे पूर्ण वळले. खिडकीचा उजेड तोंडावर पडेल असे उभे राहिले आणि मग बोलले. "पडून राहिले की सेल पाणी सोडतात, बाळ. डबी सडते."

"बस, तेवढ्यासाठी?"

काका थोडा वेळ बटणाशी चाळा करत राहिले. "माझी बायको शेवटची सहा वर्षं फार कमी ऐकायची. घरात चार माणसं बसून हसलो की विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. टीव्हीवर काय म्हणाले? काही नाही. पुन्हा सगळं सांगायचा कंटाळा, दुसरं काय. सहा वर्षं मी तिला 'काही नाही' सांगितलं. मग तिनं विचारणंच बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली तिला."

"आणि?"

"आणि काय. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता घरात बोलायला भरपूर आहे, विचारणारं नाही."

पहिला बाक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ओठ थांबले तरी बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही कायम माझ्याकडे वळून बोलता. या विभागात एकटे तुम्ही."

"उशिरा आलेली अक्कल आहे ती."

"उशिरा आली तरी आली ना. मग तिला कामाला लावू, काका. त्या यंत्राला शब्द शिकवता येतात का?"

येत होते. त्या दिवसापासून रोज दुपारच्या सुट्टीत ती शब्द लिहून आणायची आणि काका यंत्रात भरायचे. नाडी, शीर, थेंब, सूज, गुंगी, औषधांची लांबलचक नावे. काका मला तोंडासमोर धरून एकेक शब्द बोलायचे आणि ती पडद्यावर बघायची. "नाडी." 'नाडी.' "पुन्हा." 'नाडी.' "भरभर म्हणा, मॅडमसारखं." 'नाडी.' काकांनी मला टेबलावर ठेवले आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली. माझी मोडकी चिमटी त्यांनी त्याच दिवशी चिकटपट्टीने बांधली.

आता खरी अडचण सांगतो. मेट्रन मॅडमच्या विषयाला एक वेगळी परीक्षा होती. तिला 'तोंडी आदेश' म्हणत. छापील प्रश्न नाहीत. मॅडम वर्गात फिरत फिरत दहा आदेश एकदाच सांगणार, मुलांनी ते लिहून घ्यायचे आणि पुढचा हिशेब करायचा. 'या मुलाला मिनिटाला साठ थेंब.' 'या बाईंना पाऊण गोळी.' दहांपैकी आठ बरोबर आले तरच वॉर्डात पाय ठेवता येई. संधी दोन. दुसऱ्यांदा चुकले की अभ्यासक्रम संपला, घरी जायचे.

पहिल्या खेपेला पहिला बाकचे सहा आले. साठच्या जागी तिने सात लिहिले होते. दुसरी खेप तीन आठवड्यांवर होती. तिने प्राचार्यांकडे अर्ज केला की आदेश देताना माईक आणि पडदा चालू असावा. कार्यालयातल्या लेखनिकाने अर्ज घेतला आणि प्रेमाने तिला सांगितले, "कशाला हट्ट करतेस, बेटा? आपल्याकडे दवाखान्यातल्या नोंदी ठेवायचा छोटा कोर्स आहे. बस तिथं निवांत. फाइलींना कान लागत नाहीत."

ती म्हणाली, "मला फाइलींची सेवा नाही करायची." आणि अर्जाखाली आणखी एक ओळ लिहिली. 'या अर्जाची चर्चा मोठ्या वर्गातच व्हावी.'

चर्चेला प्राचार्य, मेट्रन मॅडम, तो लेखनिक आणि ती, असे चौघे जमले. पंखे सुरू होते. यंत्रे सांभाळायला म्हणून सेलकाका हजर होते. त्यांनी मला खणातून काढून, बटण वर करून टेबलावर ठेवले. पडदाही सुरू केला. कुणी सांगितले नव्हते.

मॅडमनी सरळ सुरुवात केली. "सर, माझं या मुलीशी वैर नाही. पण वॉर्डात पडदा असतो का? डॉक्टर धावत येतो, सांगतो, निघून जातो. हिनं साठच्या जागी सात थेंब सोडले तर? तिथं मूल असतं, उत्तरपत्रिका नसते."

मॅडमचे म्हणणे हलके नव्हते. मलाही ते पटण्यासारखे वाटले, आणि म्हणूनच भीती वाटली. पहिला बाकने पडद्यावर शेवटचा शब्द उमटेपर्यंत वाट पाहिली आणि मग ती उभी राहिली.

"मॅडम, वॉर्डात तोंडी आदेश मिळाला की काय करायचं, हे तुम्हीच शिकवलंय. डॉक्टरांसमोर उभं राहायचं, आदेश परत म्हणून दाखवायचा, त्यांनी हो म्हटल्यावरच हात लावायचा. तो नियम मी पाळीन. मी समोर जाईन, ओठ बघीन, तीनदा विचारीन. तुमच्या परीक्षेत परत म्हणायला परवानगी नाही. तुम्ही पाठमोऱ्या असता तेव्हा तर मी विचारूही शकत नाही. मग अवघड काय आहे, वॉर्ड की तुमची परीक्षा?"

तिने दोन बोटे आपल्या मनगटावर ठेवली.

"आणि पेशंटची नाडी मी बोटांनी मोजते, मॅडम. कानांनी नाही."

"तोंड फार चालतं तुझं," मॅडम म्हणाल्या.

"कान चालत नाहीत म्हणून."

प्राचार्यांना हसू आले ते त्यांनी खोकल्यात दडवले. "बरं बरं. पण एका विद्यार्थिनीसाठी सगळ्यांची पद्धत बदलायची म्हणजे..."

"एकीसाठी नको, सर," ती म्हणाली. "आत्ता इथंच परीक्षा घेऊ. माझी आणि तुमचीही. मॅडम नेहमीसारखे दहा आदेश देतील. मी पहिल्या ओळीत. लेखनिकसाहेब मधे. तुम्ही शेवटच्या ओळीत. माईक बंद, पडदा बंद."

"मी?" प्राचार्य म्हणाले. "अहो, माझे कान उत्तम आहेत."

"म्हणूनच, सर."

प्राचार्य बाराव्या ओळीपर्यंत चढून गेले, धापा टाकत बसले आणि कोटाच्या खिशातून पेन काढले. काकांनी माझे बटण खाली केले. मॅडमनी घसा साफ केला आणि त्यांच्या त्या भरदार आवाजात, येरझाऱ्या घालत, दहा आदेश दिले. मी बंद पडून ऐकत होतो. एकेक शब्द माझ्या डोक्याला धडकत होता आणि मला तो कुणाला देता येत नव्हता. आयुष्यात इतका हताश मी खणातही झालो नव्हतो. मधेच भिंतीपलीकडे जनरेटर सुरू झाला. मॅडम थांबल्या नाहीत. त्या कधीच थांबत नसत.

कागद गोळा झाले. मॅडमनी लाल पेनने तपासले. लेखनिकाचे आठ. पहिला बाकचे सात. म्हणजे नापास. मग मॅडमनी प्राचार्यांचा कागद घेतला. एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सर, तुमचे सहा."

"काय?"

मॅडम तो कागद वाचत होत्या, पण पूर्वी रुग्णाच्या पायाशी लावलेला तक्ता वाचत असतील, तशा. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साठ थेंबांच्या जागी सात. पाऊण गोळीच्या जागी पाव. पस्तीसच्या जागी पंचवीस. आणि इथं तर जागाच रिकामी. चार पेशंट, सर. चार पेशंट धोक्यात घातलेत तुम्ही."

"अहो, पंखा वाजत होता! आणि तो जनरेटर..."

"रोज वाजतो," सेलकाका म्हणाले. "मुलं रोज तिथंच बसतात. मॅडमचा आवाज मोठा आहे, पोचतोच. पण आवाज पोचला म्हणजे अक्षर पोचलं असं नाही ना. 'सा' येतो मागपर्यंत. पुढचं 'ठ' की 'त', ते वाटेत गळतं."

मॅडम खुर्चीवर बसल्या. प्राचार्यांच्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "इतकी वर्षं मागच्या ओळींतले जे नापास झाले, त्यांना मी आळशी म्हणत आले." हे त्या कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. मग त्या उठल्या, छातीवरचे घड्याळ काढून दुसऱ्या बाजूला लावले आणि माझी तार हातात घेतली. "हे कुठं लावायचं म्हणालात?"

काकांनी मला त्यांच्या कॉलरला लावले. मोडकी चिमटी नीट बसेना, त्यांनी चिकटपट्टीची आणखी एक घडी दिली. बटण वर केले. हिरवा दिवा लागला. मॅडमनी नवे दहा आदेश दिले, तशाच येरझाऱ्या घालत. कर्णे बोलू लागले, पडदा भरू लागला. मित्रांनो, त्या दहा आदेशांतले एक अक्षरही मी वाटेत सांडू दिले नाही. पहिला बाकचे दहा. प्राचार्यांचे दहा. लेखनिकाचे नऊ, कारण त्याचे अक्षर त्याला स्वतःलाच लागेना.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "माईक राहील, पडदा राहील. सगळ्यांसाठी. वॉर्डात पडदा नसतो, म्हणून आदेश परत म्हणून दाखवायची परीक्षाही मी निराळी घेईन. पण एक लक्षात ठेव. गुण एकही वाढवून मिळणार नाही."

"मागितलाय कुठं?" पहिला बाक म्हणाली.

ठरल्या दिवशी परीक्षेची दुसरी खेप झाली. आणि चार दिवसांनी मॅडम निकाल वाचायला वर्गात आल्या. मी कॉलरवर होतो. बारा ओळी भरलेल्या. मॅडम नाव घेत, गुण सांगत, आणि पडद्यावर ते उमटत जाई. पहिला बाक दोन्ही हात बाकाखाली धरून बसली होती. तिचे नाव आले. मॅडम म्हणाल्या, "दहांपैकी नऊ. परत म्हणण्याच्या परीक्षेत पूर्ण गुण. उत्तीर्ण." जो एक आदेश गेला तो ऐकण्यात नव्हता गेला, गुणाकारात गेला होता.

सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. काहींनी हात वर करून हलवले, तिला दिसावे म्हणून. पण ती टाळ्यांकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. नाडी, शीर, थेंब सगळे शिकलेल्या त्या यंत्राने तिच्या आडनावाचे दोन तुकडे करून भलतेच काहीतरी लिहिले होते. तिचे नाव मी तुम्हाला सांगणार नाही, तिने तशी परवानगी दिलेली नाही. पण जे लिहिले होते ते नाव कुणाचेच नव्हते.

ती उभी राहिली. "थांबा, मॅडम. ते नाव माझं नाही."

"अगं, कळतंय सगळ्यांना तूच ते," मागून कुणीतरी म्हणाले. तिला ते ऐकू आले नाही. आले असते तरी ती थांबली नसती. ती पुढे आली, सेलकाकांच्या खुर्चीत बसली, कळफलक ओढला आणि एकेक अक्षर दाबत आपले नाव आपल्या हाताने यंत्रात घातले. मग ती जागेवर जाऊन उभी राहिली.

"आता वाचा."

मेट्रन मॅडमनी पुन्हा वाचले. सावकाश, तिच्याकडे तोंड करून. पडद्यावर ते बरोबर उमटले. मग ती बसली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मी म्हणायला हवे की माझी काळजी घ्या, मला पुसून ठेवा. तसे मी म्हणत नाही. पुसून ठेवलेला माईक खणातच असतो. ऐकतो आहे की नव्या इमारतीत माझ्याहून चांगले माईक येणार आहेत, छतालाच बसवलेले. येऊ द्या. ते आले आणि चालू झाले की मला खुशाल भंगारात टाका, मी हूं की चूं करणार नाही. पण तोवर माझ्यावर कुणी असे सांगून खण बंद करू नये की आमचा आवाज मोठा आहे, एकीसाठी कशाला, आजच्या दिवस चालेल. आजच्याच दिवशी कुणाचा तरी साठचा सात होत असतो. तुम्ही शिकवत असाल किंवा उद्या शिकवणार असाल, तर वर्गात शिरल्यावर आधी सेल बघा. मला कॉलरला लावा, घड्याळापासून दूर. बटण वर करा. तोंड वर्गाकडे ठेवा.

आणि मग बोला.